चित्रपुस्तकांवर उभी घरशाळा : लहान मुलांना एवढं पुरतं का?

नाशिककरीण (मूळ पोस्ट)

लेक साडेपाच वर्षांची आहे. तिला बालवाडीत घातलं नाही आणि अजून दोनेक वर्षं घरीच शिकवायचं ठरवलंय. वर्कशीट नाही, तक्ते नाहीत, फ्लॅशकार्डं नाहीत. चित्रपुस्तकं हाच आमचा अभ्यासक्रम. सासरी-माहेरी दोन्हीकडे यावरून वाद झाले आहेत, म्हणून इथे सविस्तर मांडते. विरोध असेल तर बिनधास्त लिहा.

अमेरिकेत घरशाळा करणाऱ्या पालकांमध्ये 'फाइव्ह इन अ रो' नावाचा अभ्यासक्रम वापरला जातो. एकच चित्रपुस्तक सलग पाच दिवस वाचायचं आणि रोज त्यातला वेगळा विषय धरायचा : कधी भूगोल आणि माणसं, कधी भाषा, कधी चित्रं, कधी गणित, कधी विज्ञान. त्यांची पुस्तकं इंग्रजी आहेत. आम्ही फक्त पद्धत उचलली.

उदाहरण देते. लेकीकडे निघालेली म्हातारी आणि तिचा भोपळा, ही गोष्ट सगळ्यांना पाठ आहे. तिचं चित्रपुस्तक आम्ही आठवडाभर चालवलं. एक दिवस म्हातारीची वाट बघितली : जंगल कुठे लागतं, लेकीचं घर कुठे, परत येताना कोण आधी भेटेल. मग लेकीने आमच्या घरापासून मावशीच्या घरापर्यंतचा रस्ता कागदावर काढला, मारुतीच्या देवळाजवळच्या वळणासकट. दुसऱ्या दिवशी लाल भोपळा आणून चिरला. बिया धुतल्या, वर्तमानपत्रावर वाळवल्या आणि दहा-दहाचे ढीग लावले. शेवटच्या ढिगात सातच आल्या. "याला अजून तीन पाहिजेत," हे ती आपणहून म्हणाली. वजाबाकी हा शब्दही तिने ऐकलेला नाही. भाषेच्या दिवशी वाद झाला : "तूपरोटी खाईन, लठ्ठ होईन, मग मला खा" यावर वाघाने विश्वास का ठेवला? तिचं मत, वाघाला तेव्हा भूक नसणार. पुस्तकात असं कुठेच लिहिलेलं नाही, पण चित्रातला वाघ लोळत पडलेला आहे. तिने ते पाहिलं होतं, मी नव्हतं.

मुलं स्वतःच तेच पुस्तक पुन्हा पुन्हा मागतात आणि दर वेळी काही नवं हेरतात. शिवाय पुस्तकातली भाषा आपल्या रोजच्या "चल, आवर, जेव" यापेक्षा कितीतरी भरलेली असते. 2020च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणानेही 3 ते 8 वर्षांचा एकच पायाभूत स्तर मानलाय आणि त्यात खेळ, गोष्टी, कृती यांवर भर दिलाय. चौथ्या वर्षी पाटी गिरवून घेणाऱ्यांनाच खरं तर जाब विचारायला हवा.

निवृत्त_गुरुजी (पालघर)

ताई, भोपळ्याचा आठवडा आवडला. तरीही तुमच्या मुख्य मुद्द्याला माझा विरोध आहे. जिल्हा परिषदेच्या शाळेत पहिलीच्या वर्गावर माझी बरीच वर्षं गेली, त्या जोरावर लिहितो.

गोष्ट कळणं आणि वाचता येणं ही दोन वेगळी कामं आहेत. पुस्तक पाच दिवस वाचलं की मुलाला ते पाठ होतं. मग ओळीवरून बोट फिरवत ते धडाधड म्हणतं आणि आईला वाटतं, पोर वाचायला लागलं. चित्र झाका, त्यातलेच शब्द उलटसुलट क्रमाने पाटीवर लिहा आणि विचारा. बहुतेक मुलं तिथे अडतात, कारण त्यांनी अक्षर पाहिलेलंच नसतं, चित्र पाहून शब्द ताडलेला असतो. हीच सवय पुढे तिसरी-चौथीत नडते. तिथे पानावर चित्र नसतं.

आपली लिपी शिस्तशीर आहे, पण ती शिस्त कुणीतरी दाखवावी लागते. पहिली वेलांटी अक्षराच्या आधी लिहितात आणि उच्चारतात मात्र अक्षरानंतर. 'सूर्य'मधला र वर चढतो, 'चंद्र'मधला खाली जातो, 'ट्रक'मध्ये त्याचं रूप आणखी निराळं. चित्रपुस्तकात हे तीनही शब्द दुसऱ्या-तिसऱ्या पानावर येऊ शकतात, कारण लेखक गोष्ट लिहीत असतो, अक्षरांचा क्रम लावत नसतो. म्हणून आम्ही अक्षरगट करतो : मोजकी अक्षरं, एक काना, आणि तेवढ्यातून जितके शब्द बनतील तितके मुलांकडून बनवून घेतो. मग पुढचा गट.

आणखी एक. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी 1945 साली बोर्डीला बालशिक्षणाचं काम सुरू केलं, पुढे ते कोसबाडला गेलं. गुरं राखणाऱ्या मुलांसाठी त्यांनी कुरणातच शाळा भरवली. तिथे साधन काय होतं? खडे, पानं, बिया, शिंपले. तुमच्या भोपळ्याच्या बियांनी जे शिकवलं, त्याचं श्रेय तुम्ही पुस्तकाला देताय. बिया पुस्तकाशिवायही मोजता आल्या असत्या.

दोन_मुलांचा_बाबा (पुणे)

गुरुजी, मोजता आल्या असत्या, पण मोजल्या गेल्या नसत्या! बिया कशासाठी मोजायच्या हे मुलाला गोष्टीतून मिळतं. माझा थोरला वाहनांच्या एका पुस्तकातला 'ट्रक' ओळखून रस्त्यावरच्या प्रत्येक पाटीवर तसला र शोधत हिंडायचा. शाळेत जोडाक्षर ज्या वयात येतं त्याच्या खूप आधी त्याला ते येत होतं, कारण त्याला ते हवं होतं.

पुस्तकं महाग पडतात अशी तक्रार येईल, म्हणून आधीच सांगतो : प्रथम बुक्सच्या स्टोरीवीव्हर या संकेतस्थळावर मराठी चित्रकथा फुकट आहेत, वाचनाच्या पातळीनुसार लावलेल्या. विकत घ्यायची तर ज्योत्स्ना प्रकाशन, नॅशनल बुक ट्रस्ट, तूलिका यांची बघा.

कायद्याची भीती घालणारेही भेटतात. शिक्षणहक्क कायदा 6 ते 14 वयासाठी आहे, म्हणजे साडेपाच वर्षांच्या मुलीचा प्रश्न आज तरी नाही. पुढे शाळेत घालायचं झालंच, तर त्याच कायद्यात वयानुरूप वर्गात प्रवेशाची तरतूद आहे. आमचा थोरला थेट तिसरीत बसला. वाचनात वर्गाच्या पुढे होता. पाढे आणि लिहिण्याचा वेग यांत मागे होता, आणि ते भरून काढायला त्याला वर्षभर त्रास झाला, हेही सांगायला हवं.

खानदेशी_मावशी (धुळे)

तो वर्षभराचा त्रास तुम्ही एका वाक्यात उरकलात. पोराने तो रोज काढला असेल.

मी अंगणवाडीत काम करते. माझा आक्षेप अक्षरांचा नाही, घोळक्याचा आहे. वाघाला भूक नव्हती असं नाशिकच्या ताईंची लेक म्हणाली. आमच्याकडे असं कुणी म्हटलं की दुसरं पोर लगेच ओरडतं, "भूक नव्हती तर अडवलं कशाला?" तिसरं म्हणतं, त्याच्या घरी पिल्लं असतील. मग भांडण होतं, आणि पहिल्या पोराला आपलं म्हणणं पटवून द्यावं लागतं किंवा बदलावं लागतं. घरी तिचं म्हणणं खोडून काढायला कोण आहे? आई. आणि आई तर कौतुकाने ऐकतेय! तुमच्या पूर्ण आठवड्यात दुसरं मूल कुठेच नाही, हे मला खटकलं.

दुसरं, आमची पोरं घरात अहिराणी बोलतात. प्रमाण मराठीतलं पुस्तक मी उघडते तेव्हा निम्मी गोष्ट मला अहिराणीत सांगावी लागते, आणि ती सांगितली की पोरं खुलतात. "पुस्तक हाच अभ्यासक्रम" हे त्या घरात चालतं जिथे आई शिकलेली आहे, दुपारी मोकळी आहे आणि पुस्तकाचीच भाषा बोलते. आमच्याकडच्या आया दुपारी कांद्याच्या शेतात असतात. ही पुस्तकं फार चांगली आहेत, म्हणूनच ती एका घरात एका पोरासाठी अडकून पडू नयेत असं मला वाटतं. अंगणवाडीत एकच संच येतो, आणि फाटेल म्हणून तोही कुलपात राहतो.

म्युनिकवासी

इथे जर्मनीत शाळा सक्तीची आहे, घरशाळेला परवानगी नाही. त्यामुळे आमची मराठी चित्रपुस्तकं फक्त संध्याकाळची. मुलगा शाळेत अक्षर-ध्वनी पद्धतशीर शिकला, जर्मनमध्ये. मराठीत मी त्याला फक्त गोष्टी वाचून दाखवत राहिलो. आज तो मराठी छान बोलतो आणि वाचताना पहिल्या वेलांटीपाशीच अडतो. मला गुरुजींचं पटतं.

नाशिककरीण

सगळ्यांचे आभार. गुरुजी, तुमची परीक्षा काल घेतली. चित्र झाकलं, शब्द पाटीवर लिहिले. 'वाघ' आणि 'भोपळा' वाचले, 'रोटी' काना-मात्रा लावत वाचला, 'म्हातारी'ला थांबली. म्हणजे नुसतं पाठांतर नाही. अक्षरगटाला माझा विरोध नाही, पण ती अक्षरं मी त्या आठवड्याच्या पुस्तकातूनच घेईन. पुस्तकापासून तोडलेल्या अक्षरांकडे ती ढुंकूनही बघत नाही.

मावशी, तुमच्या म्हणण्याला माझ्याकडे उत्तर नाही. शेजारच्या इमारतीच्या बांधकामावर मजुरांची मुलं आहेत, तिच्याच वयाची. शनिवारी चटई घालून सगळ्यांना एकत्र वाचून दाखवायचं मनात आहे. पण तिला रोज घोळक्यात पाठवण्याएवढं मला ते अजून पटलेलं नाही.

निवृत्त_गुरुजी (पालघर)

तीन शब्दांवरून एवढ्यात निष्कर्ष काढू नका, ताई. तीच अक्षरं वापरून तिने कधीच न ऐकलेले शब्द द्या : 'घोट', 'पोळा', 'भोवरा'. ते जमले तर मी माझं म्हणणं मागे घेईन. आणि पुस्तकातूनच अक्षरं घेणार असाल तर 'म्हातारी'पासून सुरुवात नको, तो शब्द जोडाक्षरानेच सुरू होतो.

खानदेशी_मावशी (धुळे)

शनिवारी ती पोरं कुठली भाषा बोलतात ते आधी ऐका. गोष्ट एकदा त्यांच्यातल्याच एखाद्याला त्याच्या भाषेत सांगू द्या, पुस्तक त्यानंतर उघडा.

दोन_मुलांचा_बाबा (पुणे)

गुरुजी, पोळा तिने दर श्रावणी अमावस्येला पाहिला असणार, तो शब्द तुमच्या परीक्षेत धरता येणार नाही. दुसरा द्या.