मुलाखतीत ‘मूल्यमापन कसं कराल?’ विचारलं तर काय सांगायचं?

विक्रोळीची_बाई: शुक्रवारी दादरच्या एका मराठी शाळेत मुलाखत आहे. पाचवी ते आठवी, गणित. मागच्या ठिकाणी मूल्यमापनावरच आपटले. आकारिक म्हणजे वर्षभर चालणारं, संकलित म्हणजे सत्राअखेरचं, साधनतंत्रं म्हणजे निरीक्षण, तोंडी काम, प्रकल्प वगैरे, सगळं घडाघडा म्हणून दाखवलं. मुख्याध्यापिका म्हणाल्या, “ते झालं. पण मूल शिकलं हे तुम्हाला कळणार कसं?” बोबडीच वळली माझी. काय बोलायला हवं होतं?

खडूवाला: बाई, 26 वर्षं गणित शिकवलं, शेवटची काही वर्षं टेबलाच्या पलीकडे बसून मुलाखतीही घेतल्या. व्याख्या आम्हालाही पाठ असतात हो. ऐकायचं असतं एखाद्या मुलाबद्दल. माझ्याकडे पाचवीत एकजण होता, अपूर्णांकांच्या चाचणीत दहापैकी नऊ. मधल्या सुट्टीत सहज विचारलं, चिक्कीचा तिसरा भाग देऊ की चौथा? “चौथा! चार मोठे ना, सर.” नोंदवहीत मी ‘प्रगती चांगली’ लिहून मोकळा झालो होतो. ते खोडलं आणि लिहिलं, ‘छेद मोठा तो अपूर्णांक मोठा समजतो.’ दुसऱ्या दिवशी अख्ख्या वर्गाला कागदाच्या पट्ट्या दुमडायला लावल्या. निम्मा वर्ग त्याच्यासारखाच निघाला!

तुमच्या सराव पाठातलं असं एक मूल आठवा. त्याची चूक काय, ती कशी दिसली, मग तुम्ही काय बदललं. रचून मात्र सांगू नका, दुसऱ्याच प्रश्नाला उघडं पडतं.

लालबागकर: सरांचं खरंय, पण आकडेही तोंडावर ठेवा. 2010 च्या शासन निर्णयात आकारिक-संकलितचा वाटा पाचवी-सहावीला 50-50 टक्के, सातवी-आठवीला 40-60. आणि 2023 च्या निर्णयाने पाचवी आणि आठवीला वार्षिक परीक्षा आली, नापास झाला तर पुनर्परीक्षा. त्या मधल्या दिवसांत मुलाकडून काय करून घ्याल, हे मला विचारलं होतं. ‘जादा तास घेईन’ म्हटलं तर पुढे विचारतात, त्या तासात काय?

विक्रोळीची_बाई: आत्ता लोकलमध्ये एक मुलगी आठवली. 302 वजा 147, उत्तर 245. प्रत्येक घरात मोठ्यातून लहान वजा करायची. पाचही गणितं तशीच. आणि मी वहीवर काय लिहिलं? ‘सराव हवा’.

खडूवाला: हीच सांगा. ‘सराव हवा’ लिहिलं होतं तेसुद्धा.