नजर जन्मजात की तालमीत घडलेली?

बारावीची बाई: परवा कोल्हापूरच्या खासबागेत कुस्ती बघताना शेजारचे एक वस्ताद ठामपणे म्हणाले, "नजर तालमीत घडते." मला हे पटत नाही. डोळ्याच्या दृष्टिपटलापासून मध्यमेंदूपर्यंतची जोडणी ठरलेलीच असते. १९४० च्या दशकात रॉजर स्पेरी या मेंदूच्या संशोधकानं बेडकाची दृष्टिचेता, म्हणजे डोळ्यातून मेंदूकडे जाणारी नस, कापली आणि डोळा खोबणीतच १८० अंशांत फिरवला. चेता पुन्हा वाढली, आणि तंतू मध्यमेंदूतल्या आपापल्या जुन्या जागीच जाऊन जुळले. माशी वर दिसली की बेडूक खाली झेपावायचा. ही चूक कधीच सुधारली नाही. अनुभवानं जोडणी बदलत असती, तर भुकेनं तरी शिकवलं असतं.

तालमीतला: बाई, प्रयोग लै भारी, पण बेडकावरनं पैलवान ठरवू नका. बेडकाची तुटलेली दृष्टिचेता परत वाढते, आपली वाढत नाही. मग नियम तरी एकच कसा?

शरीरक्रियावाला: मीही वस्तादांच्या बाजूनं. १९७८ साली बेडकाच्या भ्रूणाला तिसरा डोळा बसवला. मध्यमेंदूच्या एकाच बाजूला दोन डोळ्यांचे तंतू आले, आणि त्यांनी आपसात पट्टे पाडून जागा वाटून घेतली. तीन डोळ्यांचा बेडूक निसर्गात नसतो, म्हणजे या पट्ट्यांचा आराखडा जनुकांत लिहिलेला असणं शक्य नाही. तंतूंमधले विद्युत संदेश औषधानं बंद केले, की पट्टे विस्कटतात.

बारावीची बाई: पट्टे मान्य. पण कुठला तंतू कुठे जायचा, हे आधी रसायनंच ठरवतात. एफ्रिन प्रथिनं हे काम करतात, हे १९९५ मध्ये दिसलं. मध्यमेंदूच्या मागच्या भागात ती जास्त असतात आणि नको त्या तंतूंना परतवून लावतात. शिवाजी पेठेचं पत्र शाहूपुरीत जाऊ नये, तसं. नेमकं घर विद्युत संदेशांनी पक्कं होतं, हे खरं. पण उंदराच्या पिल्लात त्या विद्युत लाटा डोळे उघडण्याच्या आधीच सुरू होतात. अजून काही बघितलंच नाही, तर तालीम कसली?

तालमीतला: आणि घुबडाचं काय? पिल्लांना समोरचं दृश्य बाजूला सरकवणाऱ्या लोलकांचा चष्मा घालून वाढवलं, तर मध्यमेंदूतला आवाजाचा नकाशा, म्हणजे आवाज कुठून आला हे सांगणारा, सरकतो. मोठ्या घुबडात तेवढा सरकत नाही. आमच्यात पोरं लहानपणीच लाल मातीत उतरवतात ते काय उगाच?

बारावीची बाई: भाऊ, घुबडाचा दाखला माझ्याच बाजूचा आहे. सरकला तो कानाचा नकाशा. डोळ्याचा जागच्या जागी राहिला, कानाला त्याच्याशी जुळवून घ्यावं लागलं.