आभाळातली बातमी तुमच्या गावात कधी उतरली?

मेहकर तालुका, बुलढाणा

गेल्या हिवाळ्यात खळ्यावर तुरीच्या गंजीजवळ जागलीला बसलो होतो. सातच्या आत असेल, एका रेषेत दिव्यांची ओळ निघाली. आवाज नाही, लुकलुक नाही. शेजारच्या वावरातले काका धावत आले, "गुरुजी, आभाळात रेल्वे चालून रायली, पाहा!"

ते स्टारलिंकचे, म्हणजे आभाळातून इंटरनेट पुरवणारे उपग्रह होते. 2019 च्या मे महिन्यात पहिले 60 सोडले, तेव्हापासून अशा माळा दिसतात. पुढे ते पांगतात आणि साधारण 550 किलोमीटरवरून फिरत राहतात. काकांनी लगेच विचारलं, "मंग आपल्या डिशचा उपग्रह कुठी हाये?" तो 35,786 किलोमीटरवर, विषुववृत्ताच्या डोक्यावर. पृथ्वीच्याच वेगानं फिरतो म्हणून एका जागी थांबल्यासारखा असतो, आणि म्हणूनच छपरावरची डिश एकदा लावली की फिरवावी लागत नाही. असे तीन उपग्रह जवळजवळ सगळ्या जगाला पुरतील, हे आर्थर क्लार्क यांनी 1945 मध्ये एका रेडिओच्या मासिकात लिहिलं होतं. विज्ञानकथा लिहिणारा माणूस, आणि तेव्हा एकही उपग्रह वर गेलेला नव्हता! शेकोटी विझली तरी आमचं बोलणं संपेना.

तंत्रज्ञानाची बातमी किंवा विज्ञानकथेतली गोष्ट तुमच्या गावात अशी प्रत्यक्ष भेटली असेल तर लिहा. ऐकीव नको, स्वतः पाहिलेलं लिहा.

सिंदेवाही तालुका, चंद्रपूर

गुरुजी, आमच्याकडे तर वस्तूच पडली.

2 एप्रिल 2022, गुढीपाडवा. गुढी उतरवून झाली होती, आठला थोडा वेळ होता. अंगणात एकदम ओरडा झाला म्हणून बाहेर आलो, तर आभाळातून पेटते तुकडे एकामागे एक चालले होते. तुटता तारा डोळ्याची पापणी लवेपर्यंत जातो. हे सावकाश जात होतं, सगळ्या आळीला बोलावून दाखवता आलं. कोणी विमान म्हणालं, कोणी क्षेपणास्त्र. रात्रीच निरोप आला, लाडबोरीत लोखंडाचं मोठं कडं पडलंय.

मुलाला घेऊन पाहायला गेलो. कडं बंडीच्या चाकाच्या दुपटीहून मोठं. हात लावायची कोणाची हिंमत नव्हती. मुलगा तेव्हा सातवीत होता. त्यानं बाहेरून फेरी मारून पावलं मोजली, एकोणीस भरली. घरी आल्यावर पट्टीनं स्वतःच्या एका पावलाचं अंतर मोजलं, ते अर्धा मीटर. म्हणजे परीघ साडेनऊ मीटर. त्याला बावीस सप्तमांशानं भागलं तर व्यास तीन मीटर. दुसऱ्या दिवशीच्या बातमीत तीन मीटरच आलं, तेव्हा पोरगा घरभर नाचला. गणिताच्या वहीचं ते पान मी जपून ठेवलंय.

पुढे तज्ज्ञांनी जुळवलं की फेब्रुवारी 2021 मध्ये उडालेल्या चिनी लाँग मार्च 3बी या अग्निबाणाचा तो तिसरा टप्पा असावा. वर्षभर घिरट्या घालून खाली आला. आजूबाजूच्या गावांत धातूचे गोळेही सापडले. अग्निबाणात दाबाखाली वायू भरून ठेवायच्या टाक्या अशाच गोल असतात, आणि त्या इतक्या मजबूत की हवेत घासूनही पुरत्या जळत नाहीत. कोणाला इजा झाली नाही. पण मोहफुलांचे दिवस होते, पहाटे बायका-पोरं उघड्यावर वेचत असतात. आजही ते आठवलं की पोटात गोळा येतो.

गोंदिया

सिंदेवाहीच्या भाऊंनी लिहिलं तेच तेव्हा माझ्या मनात आलं होतं. घरावर पडलं असतं तर भरपाई कोणाकडे मागायची? मी कायद्याची विद्यार्थिनी, म्हणून शोधलं. 1972 चा आंतरराष्ट्रीय करार आहे. अवकाशातल्या वस्तूनं जमिनीवर नुकसान केलं तर ती सोडणारा देश जबाबदार, चूक सिद्ध करायची गरज नाही. 1978 मध्ये अणुभट्टी असलेला सोव्हिएत उपग्रह कॉसमॉस 954 कॅनडात कोसळला. कॅनडानं सुमारे 60 लाख डॉलर मागितले, शेवटी 30 लाखांवर मिटलं. मागणी मात्र सरकारनं सरकारकडे करायची असते. गावकऱ्यानं पंचनामा नीट करून ठेवावा, एवढं त्याच्या हातात.

मूर्तिजापूर, अकोला

मी आता आजी झाले, पण 1979 चा जुलै मला काल झाल्यासारखा आठवतो. अमेरिकेचं स्कायलॅब हे अवकाशस्थानक पडणार, कुठं ते ठाऊक नाही. 77 टनांचं धूड. रेडिओवर रोज तेच. आमच्या मोठ्या मायनं धान्याच्या कोठीतली डाळ काढली, पुरण शिजवलं. म्हणे, "मराचंच हाये तं गोड खाऊन मरू." बाबा मात्र तिफण घेऊन वावरात. "पाऊस थांबन का त्याच्यासाठी?" एवढंच बोलले. माय दिवसभर दारात उभी.

11 जुलैला ते हिंदी महासागरात आणि ऑस्ट्रेलियात पडलं. तिथल्या एस्परन्स गावानं कचरा टाकला म्हणून नासाला 400 डॉलर दंड लावला होता, हे नातीनं मला वाचून दाखवलं. सिंदेवाहीचं वाचून वाटलं, आम्ही ज्याची वाट पाहिली ते 43 वर्षांनी आलं.

घाटंजी तालुका, यवतमाळ

माझ्या चार एकर पऱ्हाटीवर, म्हणजे कपाशीवर, यंदा पहिल्यांदा भाड्यानं ड्रोन आणला. दहा लिटरची टाकी, एकराला दहा मिनिटंही नाही लागली. धुऱ्यावरून पाहत होतो. त्याच्या वाऱ्यानं पानं उलटी होत होती, ओळीमागून ओळ पांढुरकी पडत जायची आणि पुन्हा हिरवी व्हायची. औषध पानाखाली पोचतंय हे डोळ्यांनी दिसत होतं.

हे माझ्यासाठी किती मोठं आहे ते बाहेरच्यांना कळणार नाही. 2017 मध्ये आमच्या जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेनं 20 हून जास्त माणसं गेली. त्या साली पऱ्हाटी डोक्याच्या वर गेली होती, फवारा परत तोंडावर येत होता. मी पाठीवर पंप घेऊन त्यातच होतो. दोन दिवस डोळ्यांना अंधारी होती.

आबाजी बाजूला बसून ड्रोन पाहत होते. त्यांना सांगितलं, रोबोट हा शब्द 1920 मध्ये कारेल चापेक या चेक लेखकानं नाटकात आणला, भावानं सुचवला होता, आणि मूळ शब्द 'रोबोटा', म्हणजे मालकासाठी सक्तीनं करायचं काम. आबाजी लगेच म्हणाले, "म्हंजे वेठ." त्यांच्या वडिलांनी मालगुजाराची वेठ केलेली. नंतर बराच वेळ ते बोलले नाहीत. मग विचारलं, "फवारनीले येनाऱ्या पोट्ट्यायची मजुरी किती बुडाली?" दोघांची, दोन दिवसांची. मी त्यांना वेचणीला आधी बोलवायचं ठरवलंय.

आर्वी, वर्धा

मोबाईलमधल्या एआयला विचारलं, "पऱ्हाटीची पाती गळून रायली, काय करू?" त्यानं पाती म्हणजे पानं धरली आणि पानगळीवर लांबलचक सांगितलं. आमच्याकडे पाती म्हणजे फुलाआधीची कळी. "कपाशीच्या कळ्या गळतात" असं लिहिल्यावर उत्तर नीट आलं. आपला शब्द त्याला माहीत व्हावा असं मनापासून वाटतं.

अचलपूर, अमरावती

मी वाचनालयात काम करते. 20 मे 2025 ला जयंत नारळीकर गेले, त्या संध्याकाळी सुट्टीतली मुलं आली होती. त्यांना गोष्ट सांगितली. 1974 मध्ये मराठी विज्ञान परिषदेच्या स्पर्धेला नारळीकरांनी 'कृष्णविवर' ही कथा पाठवली, पण आपल्या नावाचं वजन पडू नये म्हणून 'नारायण विनायक जगताप' या नावानं. अक्षर ओळखू नये म्हणून पत्नीकडून लिहून घेतली. पहिलं बक्षीस मिळालं. मी फळ्यावर 'ज. वि. ना.' आणि खाली 'ना. वि. ज.' लिहिलं आणि गप्प बसले. एक मुलगी उठून म्हणाली, "ताई, उलटं केलं!" त्या आठवड्यात विज्ञानकथांचं कपाट रिकामं झालं.

लोणार

जून 2020, सगळं बंद, आणि आमचं सरोवर गुलाबी! मोबाईलवर काय काय फिरत होतं, कोप झाला, विष कालवलं. आमचं विवर मुळात आभाळातून आलेल्या दगडानं पडलेलं, सुमारे 1.8 किलोमीटर रुंद, तेही बसाल्ट या काळ्या खडकात, जसा चंद्रावरही आहे. चंद्राचा अभ्यास करणारे म्हणून इथं येतात. त्यामुळे लोकांना काहीही खरं वाटत होतं.

मी काठावरचं पाणी काचेच्या बाटलीत आणून खिडकीत ठेवलं. दोन दिवसांनी पाहतो तर पाणी नितळ, आणि तळाशी गुलाबी साका. म्हणजे रंग पाण्याचा नव्हताच, पाण्यात जगणाऱ्या कशाचा तरी होता. पुढे पुण्याच्या आघारकर संस्थेनं तपासलं आणि हॅलोआर्किया हे मिठात वाढणारे सूक्ष्मजीव निघाले. उन्हाळ्यात पाणी आटलं, खारेपणा वाढला, तसे ते वाढले.

पोरीला बाटली दाखवली. तिनं ती हातात घेऊन एकदा हलवली. पुन्हा गुलाबी.