मदत हवी आहे: एकाच इंजेक्शनाने एक उंदीर आजारी, दुसरा ठणठणीत. हे सोप्या मराठीत कसं सांगू?

नमस्कार मंडळी. मी डिचोलीचा, एमएस्सी करतो. चवथीच्या आधी आमच्या वाचनालयात अर्ध्या तासाचं व्याख्यान द्यायचं कबूल करून बसलोय. विषय मीच निवडला, म्हणजे तक्रारीला जागा नाही.

प्रयोगशाळेतले डब्ल्यूकेवाय आणि लुईस हे उंदरांचे दोन वाण. दोघांचा एमएचसी, म्हणजे प्रतिकारशक्तीची ओळखपत्रं सांभाळणारा जनुकसमूह, एकच. मूत्रपिंडातल्या गाळणीच्या पडद्याविरुद्धची प्रतिपिंडं टोचली की डब्ल्यूकेवायला गंभीर नेफ्रायटिस, म्हणजे मूत्रपिंडाचा दाह, होतो, लुईसला जवळजवळ काहीच नाही. म्हणजे दोष एमएचसीच्या बाहेर कुठेतरी. 2006 मध्ये त्यातला एक धागा सापडला: एफसीजीआर3 जनुकाच्या प्रतींची संख्या. डब्ल्यूकेवायमध्ये त्याची एक जवळची प्रत गळालेली, आणि मॅक्रोफेज, म्हणजे जंतू गिळणाऱ्या पेशी, नको तितक्या चवताळतात. माणसांतही एफसीजीआर3बी या तशाच जनुकाच्या कमी प्रतींचा ल्युपसच्या (प्रतिकारशक्ती स्वतःच्याच शरीरावर उलटते तो आजार) मूत्रपिंडविकाराशी संबंध दिसला.

वाण म्हणजे काय हे मी मानकुरादच्या कलमांवरून सांगणार आहे: एका झाडाची सगळी कलमं सारखीच. (बाबा म्हणाले, "आंब्याचंच बोल, उंदीर कशाला?")

अडतो तो काँजेनिक वाणापाशी. लुईसचा जनुकतुकडा डब्ल्यूकेवायमध्ये आणायला साधारण दहा पिढ्या पुन्हा पुन्हा संकर करतात, तरी आजार कमी होतो, पूर्ण जात नाही. हे "अनेक जनुकं मिळून" प्रकरण समजवायला घरगुती उदाहरण सुचवाल का? आणि 'ससेप्टिबिलिटी'ला 'प्रवणता' म्हणू की 'आजार जडण्याचा कल'?