ग्लायडरचा ट्रेलर ओढताना ॲव्हरेज कसं वाढवायचं?

घिरट्या:
माझी डिझेल एसयूव्ही मोकळी असली की हायवेला १५ चं ॲव्हरेज देते. ग्लायडरचा, म्हणजे बिनइंजिनाच्या विमानाचा, बंद ट्रेलर लावला की साडेनऊ-दहा. भरलेला ट्रेलर ९०० किलोच्या आसपास. क्रूझ कंट्रोल, म्हणजे वेग आपोआप टिकवणारी सोय, १०० ला लावून निवांत बसतो. वजन तर कमी होणार नाही, मग इंजिन ट्यून करून घेऊ का?

मागचा_हुक:
ट्यूनिंगचे पैसे खिशातच ठेवा. सपाट रस्त्यावर डिझेल खातो तो वारा, वजन नव्हे. वजन जाणवतं ते चढाला आणि गाडी उचलताना. वाऱ्याचा रेटा वेगाच्या वर्गाने वाढतो, म्हणजे ८० च्या तुलनेत १०० ला तो ५६ टक्के जास्त. ४०० किलोमीटरला ८० ने एक तास जास्त लागेल, एवढंच. चढाला क्रूझ बंद करा. वेग टिकवायच्या नादात ते गिअर पाडून इंजिन पिळतं.

दुसरं म्हणजे ट्रेलरचे ब्रेक. आपले ट्रेलर महिनोन्‌महिने एका जागी उभे असतात. ब्रेकची केबल गंजली की शू, म्हणजे चाकाच्या ड्रमला आतून घासणारे ब्रेकचे पट्टे, अर्धवट चिकटून राहतात आणि तुम्ही ब्रेक दाबूनच गाडी चालवत असता. एकेक चाक जॅकवर घ्या, हँडब्रेक सोडा, हाताने फिरवून बघा. टायरमध्ये हवा थंड असतानाच भरा, ट्रेलरच्या प्लेटवर दिली असेल तेवढी.

थर्मलवेडा:
टपावर कॅरिअर आहे का? असेल तर आधी उतरवा. ग्लायडरचा ट्रेलर बुटका आणि अरुंद, बराचसा गाडीच्या आडोशालाच चालतो. वर ताठ उभं कॅरिअर मात्र अख्खा वारा अंगावर घेतं. पाण्याचे कॅनही रिकामेच न्या, बॅलास्टचं पाणी, म्हणजे वजन वाढवायला ग्लायडरच्या पंखांत भरतात ते, मैदानावर भरता येतं.

आणि कुणी सांगेल की सामान ट्रेलरच्या शेपटीकडे सरकवा, गाडी हलकी होईल. मुळीच करू नका! कपलिंगवरचा, म्हणजे गाडी-ट्रेलरच्या जोडावरचा, भार कमी झाला की ट्रेलर मागे डुलायला लागतो. मग ॲव्हरेज राहिलं बाजूला, जीव सांभाळायची वेळ येते.

घिरट्या:
कॅरिअर आहे, वर्षभर तसंच. आज उतरवतो. चाकं जॅकवर घेतली. उजवं छान फिरतं, डावं अर्ध्या फेरीत कुरकुर करून थांबतं. केबल ढिली करून टाकू?

मागचा_हुक:
नको. आधी ड्रमपाशी शूचं ॲडजस्टमेंट, मग ब्रेकचा दांडा आणि केबल. उलट केलंत तर चाक मोकळं फिरेल, पण गरजेला ब्रेक लागणार नाही. गंजलेली केबल बदलूनच टाका. नंतर वीसेक किलोमीटर जाऊन, शक्यतो ब्रेक न लावता थांबा आणि दोन्ही हबजवळ, म्हणजे चाकांच्या मधल्या भागाजवळ, हात न्या, टेकवू नका. एकच बाजू तापली असेल तर बेअरिंगही बघायला हवं.

ॲव्हरेज काढताना टाकी फुल ते फुल, त्याच पंपावर, जाऊन-येऊन धरा. एका बाजूने वारा पाठीशी असला की आकडा उगाच गोड दिसतो.