शब्दचर्चा : ‘कराड दोन लाइफवर आहे’

परवा सातारा स्टँडवरून सांगलीच्या गाडीत बसलो. सोबत अकरा वर्षांचा भाचा, सुट्टी संपवून घरी निघालेला. गाडी हायवेला लागली तशी शेजारच्या सीटवरच्या आजींनी त्यालाच विचारलं, "बाळा, कराड यायला किती येळ रं?" मोबाइलवरून मान वर न करता तो म्हणाला, "दोन लाइफ." आजींनी माझ्याकडं बघितलं. मी म्हटलं, "तासभर लागंल, आजी."

पोरगं कँडी क्रश खेळत होतं. २०१२ पासूनचा गेम, घरोघरी माहीत आहे. एका वेळी पाचच लाइफ मिळतात. डाव हरला की एक जाते आणि गेलेली परत यायला तीस मिनिटं लागतात. म्हणजे पन्नास किलोमीटरवरचं कराड खरोखरच दोन लाइफवर होतं, त्याचं काही चुकलं नव्हतं. मी पुढं विचारलं, "आणि सांगली?" जरा विचार करून म्हणाला, "एक फुल्ल आणि वर एक." पाच लाइफ भरल्या की घड्याळ थांबतं, सहावी येतच नाही. त्यामुळं तीन तासांना ‘सहा लाइफ’ म्हणणं त्याच्या हिशेबात बसेना.

तेव्हापासून डोक्यात एक किडा वळवळतोय. या मापाला मराठीत काय म्हणावं? ‘घटकाभर’, ‘पळभर’ यांच्या चालीवर ‘लाइफभर’ करायला गेलो तर भलतंच होतं. "लाइफभर थांब" म्हटलं की अर्ध्या तासाचा एकदम अख्खा जन्म होतो. मग सरळ ‘जीव’ का नको? पाच जीव भरले की अडीच तास झाले, त्याला ‘पंचप्राण’ म्हणू. जुन्या मापांशीही मेळ बसतो. एक घटका २४ मिनिटांची, म्हणून एक जीव म्हणजे सव्वा घटका. प्रहर तीन तासांचा, म्हणजे सहा जीव. अहोरात्र ४८ जीव. माझ्या गणितात तरी एवढं चोख काही येत नाही, म्हणून जरा हुरळलोय. जाणत्यांनी बोलावं.

सांगलीहून :

‘जिवात जीव येणे’ याचा शब्दशः अर्थ इतक्या वर्षांनी सापडला म्हणायचा! पण असली मापं पोरांनीच काढली असं समजू नका. आमच्या स्वयंपाकघरात घड्याळ आहे, ते कुणी बघत नाही. डाळ तीन शिट्ट्यांची, बटाटे चारचे. परवा सुनेला बाहेर जायचं होतं तर सासूबाई म्हणाल्या, "जा की, दोन शिट्ट्यांत ये." ती गेली आणि आली. मिनिटं कुणी मोजली नाहीत. शिट्टी काही सगळ्या घरांत सारख्या वेळानं होत नाही, आमचा जुना कुकर तर मनात येईल तेव्हा बोंबलतो. तरी माप चालतं, कारण कुकर दोघींचा एकच.

मिरजेहून :

कँडी क्रश म्हणजे बालवाडी. आम्ही होस्टेलवर गेन्शिन इम्पॅक्ट खेळतो. त्यात बक्षिसं घ्यायला खर्चायची ‘रेझिन’ असते, दर आठ मिनिटांला एक भरते. रेझिन म्हणजे मराठीत राळ, म्हणून आमच्या मजल्यावर हिशेब राळेतच. मेसची लाइन ‘दोन राळ’. सांगली-मिरज सिटी बस ‘तीन राळ’, सिग्नल लागले तर चार. आणि रविवारी सगळी साठवण एका बैठकीत उधळली की "राळ उडवली". टीकेची राळ उडवतात ती वेगळी, ही बिनविरोध उडते.

वर घटकेचा हिशेब आलाय, तर माझाही घ्या. घटकेचे साठ पळं, म्हणजे पळ २४ सेकंदांचं. आठ मिनिटांची एक राळ बरोबर २० पळांची. घटकेला तीन राळ, अहोरात्रीच्या साठ घटकांना १८०. यात एक गोम आहे. २०२० ला गेम आला तेव्हा १२० च्या पुढं राळ साठत नव्हती, नंतर मर्यादा १६० झाली. १६० भरायला २१ तास २० मिनिटं लागायची. म्हणजे रोज ठरल्या वेळी एकदाच गेम उघडणाऱ्याची वीस राळ वायाच जायची. २०२४ ला मर्यादा २०० केली, आता २६ तास ४० मिनिटं लागतात आणि रोजचा एक फेरा पुरतो. त्याआधी आमच्यातला एक जण त्या वीस राळेसाठी पहाटे गजर लावून उठायचा. परीक्षेला कधी उठला नाही.

पाटणहून :

वाया जाते म्हणू नका, ‘सांडते’ म्हणा. आमच्याकडं याचं सगळ्यात मोठं मीटर आहे. कोयना धरण, १०५.२५ टीएमसी. पावसाळ्यात भरतं आणि वर्षभर पुरवून वापरायचं. पश्चिमेकडं वीज करायला सोडायच्या पाण्याची मर्यादासुद्धा ठरलेली आहे, वर्षाला ६७.५० टीएमसी, आणि हे वर्ष जूनला सुरू होऊन मेअखेर संपतं. मीटर काठोकाठ आलं आणि वरून पाऊस थांबेना, की सहा वक्र दरवाजे उचलायचे. पोरांची राळ सांडली तर कुणाचं काही बिघडत नाही. आमचं सांडलं की सांगलीकर कृष्णेवरच्या आयर्विन पुलाकडं पाणी बघायला लागतात, चाळीस फूट झाले का पंचेचाळीस. तीही मापंच. टीएमसी म्हणजे अब्ज घनफूट, हे पानटपरीवर विचारलं तर दहात एकाला सांगता येणार नाही, पण "आज दोन टीएमसी वाढलं" हे सगळ्यांना कळतं.

आणि रिचार्जचंच म्हणाल तर शेतीपंपाची लाइट. थ्री फेज कधी येणार त्यावर गावाची झोप ठरते. "लाइट यायच्या आत जेवून घे" हे वाक्य आमच्या घरात घड्याळाच्या काट्यापेक्षा जास्त वेळा वापरलं जातं. म्हातारी माणसं अजून "दिस कासराभर वर आला" म्हणतात. कासरा म्हणजे बैलाची दोरी, आभाळात धरून बघायची. बैल गेले, पण बोलण्यात कासरा आहे.

सांगलीहून, दुसरे :

सगळं गमतीचं आहे, पण माप म्हणून पोरांचं पोरखेळच. जी गोष्ट पैसे टाकून लगेच विकत मिळते ती वेळेचं माप कशी होणार? पाच लाइफ संपल्या की कंपनी लगेच दुकान मांडते. आणि उद्या तीस मिनिटांची चाळीस केली तर कराड लांब गेलं म्हणायचं का?

सातारा, पुन्हा मीच :

विकत मिळतं हे खरं, म्हणून ते माप थांबलेल्या माणसाचं. पैसे टाकणाऱ्याला ‘दोन लाइफ’ म्हणजे काहीच वेळ नाही. भाच्याला खेळावर पैसे मिळत नाहीत, तो थांबतो, म्हणून त्याला अर्धा तास म्हणजे नेमका किती हे अंगात भिनलंय. मला नाही सांगता येणार डोळे मिटून. कंपनीनं आकडा बदलला तर माप बदलेल, यात नवल काय? कोस तरी कुठं सगळ्या गावांत एकसारखा होता.

मला खरी गंमत वाटली ती क्रियापदाची. भाचा मीटरवाल्या गेममध्ये "एनर्जी भरली" म्हणतो, पण "लाइफ आली" म्हणतो. कुणी शिकवलेलं नाही. आणि मराठीत वेळ भरतेच. घटका भरते, वर्ष भरतं, बाईचे दिवस भरतात, आणि एखाद्याचे भरले म्हणजे त्याचं आता काही खरं नाही. हे उगाच नाही. घटका म्हणजे घटिकापात्र, तळाला बारीक भोक असलेली वाटी. पाण्यात तरंगत सोडायची, ती भरत भरत बुडते. बुडाली की राखणदारानं काढून रिकामी करून पुन्हा सोडायची आणि टोला द्यायचा. ‘तास’ हा फारसीतून आलेला शब्द, त्याचाही मूळ अर्थ वाडगाच. म्हणजे आपली वेळेची दोन्ही नावं भांड्याची आहेत. गेमचं मीटर भरलं की मोबाइल टिंग करतो, मग पोरगं ते रिकामं करून परत भरायला सोडतं. राखणदाराची नोकरी तीच. फरक एवढाच की बुडालेली वाटी तशीच राहिली तर गावाची वेळ चुकायची, आणि इथं चुकते ती पोराची अभ्यासाची.

म्हणून माझं मत, मीटरवाल्याला ‘भरणे’ आणि मोजून मिळणाऱ्याला ‘येणे’ हे वापर पक्के धरावेत. ‘राळ’ मला आवडली, पण होस्टेलबाहेर कुणी ओळखणार नाही. ‘सांडणे’ आजपासून वापरायला घेतलं.

‘जीव’ मात्र मी मागं घेतोय. कारण सांगतो. माझी ही सगळी बडबड भाच्यानं गाडीतच ऐकली होती आणि त्याला ‘जीव’ फार पटला होता. कराड स्टँडवर गाडी लागली तसा त्यानं माझ्या फोनवरून माझ्या बहिणीला निरोप टाकला, "आई, आत्ता कराडात आलो. इथपर्यंत दोन जीव गेले."

मिनिटाच्या आत फोन. ताई रडकुंडीला आलेली. "अरे, कुणाला लागलं? गाडी कुठली? तो बरा आहे ना?" मागून भावजींचा आवाज, "निघू का मी गाडी घेऊन?" मी समजावतोय की कुणी गेलं नाही, तासच गेला, आणि ती म्हणतेय, "तास गेला म्हणजे? दवाखान्यात कधी नेलं?" शेवटी पोराच्याच हातात फोन दिला. त्यानं शांतपणे सांगितलं, "अगं, कँडी क्रशचे."

पुढच्या तीन लाइफ माझा फोन माझ्याच खिशात होता.