सीटखालची वायर २० सेंमी कमी पडते, कशी वाढवावी?

कोथरूडकर:
ड्रायव्हरच्या साध्या सीटच्या जागी त्याच मॉडेलची मोटरवाली सीट बसवली आहे. कपलर (वायरींचा जोड-प्लग) जुळतो, पण सीट पूर्ण मागे नेली की वायर ताणली जाते. दोन जाड वायरी मोटरच्या, दोन बारीक बेल्टच्या बकलच्या. शेजारी एक पिवळा कपलरही आहे. डाख देऊन जोडलं तर चालेल का?

जुना वायरमन:
कापण्याआधी कार्पेट उचलून बघा. लूम (वायरींचा जुडगा) तळाला क्लिपांनी अडकवलेली असते. एक-दोन क्लिपा सोडवल्या की बरेचदा ८-१० सेंमी मोकळी मिळते, मग जोडही कमी लांबीचा लागतो.

पिवळा कपलर साइड एअरबॅगचा. त्या वायरीत जोड द्यायचाच नाही, मल्टिमीटरही लावायचा नाही. एअरबॅगच्या सर्किटचा रोध जेमतेम २-३ ओहम असतो, जोडाने तो थोडा जरी बदलला तरी डॅशबोर्डवरचा दिवा पेटून राहतो. मीटरच्या करंटने एअरबॅग उडण्याचाही धोका असतो. ती वायर अपुरी पडत असेल तर कंपनीची पूर्ण लूमच घ्या. कुठलाही कपलर काढण्याआधी इग्निशन बंद करा, बॅटरीची निगेटिव्ह काढा आणि १० मिनिटं थांबा.

आता डाखाबद्दल. सीटखाली नको. डाख वायरीच्या तारांमधून वर चढतो आणि तेवढा भाग काडीसारखा ताठ होतो. सीट मागेपुढे होताना वायर नेमकी त्या ताठ भागाच्या कडेला वाकते आणि एकेक तार तिथेच तुटत जाते. वरचं आवरण शाबूत दिसतं, म्हणून दोष सापडत नाही. क्रिम्पच करा, म्हणजे धातूच्या नळीत वायरी घालून ती दाबून जोडा.

नाना पेठ:
मोटरच्या वायरी मूळ जाडीच्याच घ्या, २.५ चौ. मिमी असतील तर २.५च. बारीक घातली तर ३० अँपिअरचा फ्यूज उडणार नाही, वायर मात्र तापेल. शुद्ध तांब्याची, ऑटो ग्रेडची वायर मागा. घरगुती फिटिंगची नको. २.५ला निळा बट कनेक्टर (दोन वायरींची टोकं जोडणारी ती नळी), ०.५ ते १.५ला लाल. रॅचेटवाला क्रिम्पर वापरा, पक्कडीने दाबलेला जोड सैल पडतो.

इन्सुलेशन ७ मिमी सोला. हीटश्रिंक स्लीव्ह (गरम केल्यावर आवळणारी नळी) आधी वायरीत ओवा (हे हमखास विसरतं). क्रिम्प केल्यावर ओढून बघा. स्लीव्ह आतून गोंद असलेली हवी, पावसाळ्यात ओल्या बुटांचं पाणी कार्पेटखाली मुरतं. चारही वायरींचे जोड एकाच जागी नकोत, ३-४ सेंमी अंतराने द्या, नाहीतर गाठ होऊन रेलमध्ये (सीट सरकते त्या पट्टीत) अडकते. वरून कापडी टेप. पीव्हीसी टेपचा गोंद उन्हाळ्यात सुटतो.

कोथरूडकर:
सीट बसवल्यावर काय तपासू?

जुना वायरमन:
सीट पूर्ण पुढे, पूर्ण मागे, वर-खाली अशी चालवा आणि टॉर्चच्या उजेडात खालून वायर बघा. कुठेही ताण नको, रेलच्या धारेला घासायलाही नको. केबल टाय फक्त जमिनीच्या ब्रॅकेटला आणि सीटच्या फ्रेमला, मधला झोल मोकळा. बेल्ट लावून-काढून डॅशबोर्डवरचा बेल्टचा दिवा बघा. सीटचे बोल्ट सर्व्हिस मॅन्युअलमधल्या टॉर्कलाच (आवळण्याच्या जोरालाच) आवळा.